मंगळावरचे एकवीस दिवस

सकाळी सहा वाजून अठरा मिनिटांनी हो! तुम्हाला सांगते, चुलीवर दूध वर येतंय, आणि माझी शिवानी, तिसरीतली, दात घासता घासता म्हणते, "आई, आज शाळेत पालकांनी आवडत्या पुस्तकावर बोलायचंय. मी तुझं नाव दिलंय." माझं? अगं, मी सातवी पास!

माझं हसं झालं तर होऊ दे, पण चारचौघांत पोरीची मान खाली गेली तर?

पुस्तक होतं तसं. सातवीत बक्षीस मिळालेलं, लग्नात पेटीतून सासरी भोंगवलीला आलेलं. अकरा माणसं मंगळावर जातात, काचेच्या घरात भात पिकवतात, कापणीला तीन आठवडे असताना धान्यच संपतं! शास्त्रज्ञ म्हणतात, हिशोब चोख होता, मंगळावर काळच वेगळा चालतो... तेव्हा काटा यायचा अंगावर!

परातीला टेकवून उघडलं. भाकरी थापतेय, वाचतेय, पानांना पीठ. तेव्हा यान उडायची पानं पाच-पाचदा वाचायची मी, शेतीची गाळायची. चिखल काय घरी नव्हता? आता यान उडालं कधी ते कळलंच नाही, जीव सगळा भलतीकडंच! ह्या अकरा जणांनी स्वेटर घेतलेत का? तापाचं औषध? त्यांच्यातल्या सगळ्यात धाकट्याची आई एका ओळीत रडते आणि संपली? डबा दिला नसेल होय तिनं?

सासूबाई ओरडल्या, "भाकर करपली की गं! ध्यान कुठं हाय तुजं?"

"मंगळावर, आत्याबाई."

"मग येताना कोथमीर आण."

आणि तेवढ्यात ते वाक्य आलं... 'उतरल्या दिवशी त्यांनी भाताची रोपं लावली.' थांबा! माझं माहेर वेल्ह्याकडचं, लावणीच्या चिखलात वाढलेली मी. रोपं आणली कुठून? आठ महिन्यांच्या प्रवासात टिकतात होय? आधी बी टाकायचं, एकवीस दिवस थांबायचं, मग लावणी. ते एकवीस दिवस हिशोबात कुणी धरलेच नाहीत! मोजा की, तेच तीन आठवडे! आणि हे मी काढलं... मी, सातवी पास!

शाळेत विज्ञानाचे आनंदराव सर म्हणाले, "बोला ताई, थोडक्यात. पुस्तक अवघड आहे, काळाची संकल्पना..." समोर शिवानीनं डोळे गच्च मिटलेले. म्हटलं, "सर, काळाला कशाला नावं ठेवायची? ह्यांनी रोपाचे दिवसच धरले न्हाईत."

सरांनी पुस्तक घेतलं, बोटं मोजली, परत मोजली. "अहो, मी नऊ वेळा वाचलंय हे!"

"व्हय सर, पण भात किती वेळा लावलाय?"

मागच्या बायका अशा हसल्या, अशा टाळ्या! सरसुद्धा हसले हो, आणि टाळी वाजवली. आणि शिवानी बाकावर उभी, "माझी आई हाय ती! सातवी पास!"

घरी आले तरंगत. दारातच आत्याबाई. "कोथमीर?"

विसरले.

तर तुमच्या ओळखीतलं कुणी मंगळावर निघालं असेल, तर एवढा निरोप पोचवा: बी आधी टाका, आणि एखादी सातवी पास बाई बरोबर न्या. मी येते की... फक्त शाळा सुटायच्या आत परत सोडा, आणि वाटेत कोथिंबिरीला थांबा.