कापलेले पाच इंच

(वांगी-वांगी बेटाचा किनारा, ओहोटीची वेळ. मोटर-मिस्त्री हमू आणि वर्षभरापूर्वी समुद्रात जाऊन परत न आलेल्या जुमाची बायको सिना. मध्ये वाळूवर जुमाची होडी.)

हमू : पुन्हा धर टेप. पार तळापासून.

सिना : तीनदा धरली, दादा. मोटर टांगायची मागची फळी वीस इंचच भरते.

हमू : पंधरा भरायला हवी.

सिना : टेप तुमचीच आहे. आणि तुमच्याकडे पडलीय ती आखूड दांड्याची मोटर लावा की. समुद्रात शेवाळ लावलेल्या दोऱ्यांपर्यंत तर जायचंय. वर्षभर दुसऱ्यांच्या होडीत जातेय. माझ्या दोऱ्यांची पाळी शेवटी, तोवर निम्मं शेवाळ मासे खाऊन जातात.

हमू : वीस इंची फळीला आखूड दांडा लावला तर पंखा वरच राहतो. हवा खातो. नुसती बोंब, होडी जागची हलत नाही.

सिना : मग ह्यांना तीच आखूड मोटर कशी चालली?

हमू : लांब दांड्याची तेव्हा नव्हती माझ्याकडे. जुमाला हंगामाची घाई. मी करवत घेतली आणि फळी मधोमध पाच इंच कापली. मोटर चपखल बसली. त्या खाचेतून मागची लाट आत येईल, हे मला कळत होतं. बोललो नाही.

सिना : होडी मागूनच पाण्याने भरली, असं बरोबरच्या होडीतले म्हणाले होते.

हमू : हो.

सिना : म्हणून वर्षभर आमच्या दाराला मासे टांगून जात होतात. मला वाटायचं, केवढा भला माणूस.

हमू : शिव्या दे, सिना.

सिना : देईन. आधी सांगा, वर्षभर हरवलेली होडी तर या बुधवारी खडकावर सापडली. मग फळी जोडली कोणी?

हमू : तेच बघतोय. सांधा नाही, खिळा नाही. लाकडाच्या रेषा आरपार सरळ. बोट फिरवून बघ.

सिना : ओली लागतेय. तीन दिवस उन्हात आहे, बाकी होडी खडखडीत वाळलीय. एवढाच भाग ओला.

हमू : हात काढ तिथून.

सिना : कापलेल्या तुकड्याचं काय केलंत?

हमू : होडीचं लाकूड चुलीत थोडंच घालतात? दुकानाच्या दाराखाली पाचर म्हणून लावला होता, दार आपटू नये म्हणून.

सिना : मी आले तेव्हा दार आपटत होतं.

हमू : बुधवारपासून आपटतंय. वाटलं, बायकोने हलवला असेल.

सिना : विचारलंत तिला?

हमू : धीर झाला नाही. ही होडी नेऊ नकोस. मी दुसरी बघून देतो.

सिना : मला बुडवायचं असतं तर त्यांनी फळी कशाला भरून दिली असती? लांब दांड्याची मोटर मागवा.

हमू : बाऊबाऊ शहरातून यायला पंधरा दिवस लागतील. पण करवत लावणार नाही, शपथ.

सिना : मला नका सांगू. फळीवर हात ठेवा आणि त्यांना सांगा.