चालू गाडीची वायर कापणाऱ्या मॅडम

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या प्रशिक्षण संस्थेचे प्राचार्य माननीय सावळारामजी, व्यासपीठावर दाटीवाटीने पण प्रसन्न मुद्रेने बसलेले सर्व मान्यवर, सत्कारमूर्ती संजीवनी मिसाळ मॅडम, इंदापूर, बारामती आणि भिगवणहून आलेले त्यांचे आजी-माजी विद्यार्थी, आणि जेवणाचा वास येत असूनही जागा न सोडणारे सज्जनहो, सर्वांना सविनय नमस्कार आणि जय भीम.

मी वर्तमानपत्राचा तालुका बातमीदार. शिक्षण संस्कृतचं. विजेच्या तारेशी माझा संबंध धक्का बसण्यापुरता. तरी मॅडमवर बोलायला मला उभं केलं. संयोजकांचा विचार असा असावा की, तारांतलं ज्यांना कळतं ते बोलत नाहीत, आणि जो बोलतो त्याला... अध्यक्ष हसले, तेव्हा वाक्य पूर्ण करायची गरज उरली नाही.

मॅडमनी इथे इलेक्ट्रिशियनचा वर्ग किती वर्षं चालवला, हे आधीच्या वक्त्यांनी सांगितलंच आहे. प्रत्येकाचा आकडा निराळा, एवढीच अडचण. मी एकच प्रसंग सांगतो. गेल्या ऊसतोडीच्या दिवसांतला, डोळ्यांनी पाहिलेला.

शेळगावचे बागायतदार मानसिंगराव समोर बसलेत. त्यांचा ऊस भवानीनगरच्या साखर कारखान्याला जातो आणि जीव एका गाडीत असतो. जपानी, दोन दारांची, दोनच माणसांची, तीस-पस्तीस वर्षांची लाल स्पोर्ट्स कार. जमिनीला इतकी लगटून चालते की गतिरोधक आला की मानसिंगराव स्वतःचं पोट आत ओढतात. अशी गाडी उसाच्या रस्त्याला कशासाठी, हे विचारायचं धाडस त्यांच्या घरातही कुणी केलेलं नाही. ही गाडी रेडिएटर गळतो म्हणून भिगवणला दिशाच्या गॅरेजात आली. दिशा ही मॅडमची विद्यार्थिनी. एमआयडीसीतली नोकरी सोडून तिने नुकतंच गॅरेज टाकलं होतं, आणि ‘पोरगी काय गाडी खोलणार’ असं म्हणणारे रोज समोरच्या टपरीवर चहा पीत होते. मी तिथे असण्याचं कारण माझी स्कूटर. ती तिथली कायमची रुग्ण.

रेडिएटर पुण्याहून यायला वेळ लागला. तेवढ्यात गॅरेजला लागून असलेल्या उसाला कोयता लागला. फडातले उंदीर बाहेर पडले आणि थेट या गाडीच्या इंजिनात वस्तीला आले. संस्कृतात मूषक शब्द चोरण्याच्या धातूवरून आला आहे. पण हे चोर नव्हते, हे जेवायला बसले होते. इंजिनावरून फिरणारा वायरींचा सगळा जुडगा, ज्याला हार्नेस म्हणतात, मधोमध कुरतडला गेला. कंपनीने तो बनवायचं कधीच बंद केलेलं. पुण्याच्या एका वर्कशॉपने सांगितलं, गाडी अंगणात ठेवा, शोभेला बरी आहे.

मानसिंगराव रागावले असते तर परवडलं असतं. ते रोज संध्याकाळी यायचे, खुर्ची घ्यायचे, उघड्या बॉनेटकडे बघत बसायचे आणि एक अक्षर न बोलता जायचे. ते पाहून दोघातिघांनी आपले ट्रॅक्टर गॅरेजातून परत नेले. ही गाडी गेली तर आपलं शटरही खाली जाणार, हे दिशाला कळत होतं. मग आपल्याकडे विहिरीवरच्या मोटारीची केबल तुटल्यावर जे करतात तेच तिने केलं. वायरी सोलल्या, पिळल्या, टेप गुंडाळली, वरून सायकलच्या ट्यूबची पट्टी. रेडिएटरही एव्हाना येऊन बसला होता. आणि सभ्य स्त्री-पुरुषहो, गाडी सुरू झाली.

दुसऱ्या दिवशी मानसिंगराव पेढे घेऊन आले. दिशाने मॅडमनाही बोलावलं होतं. शाबासकीसाठी, दुसरं काय? मॅडम आल्या, चालू इंजिनापाशी उभ्या राहिल्या आणि एका जोडाला बोटाने नुसतं हलवलं. इंजिन अडखळलं. बोट काढलं, पुन्हा सुरळीत. मॅडमनी गाडी बंद करायला लावली आणि दिशाकडे हात पसरून कटर मागितला.

दिशाला कळलं होतं. तिचा चेहरा मी पाहत होतो. तिने कटर दिला.

मानसिंगराव पेढ्यांचा पुडा मांडीवर धरून म्हणाले, “अवो मॅडम, चालू गाडी हाय ती.”

“चालू हाय तात्या, नीट न्हाय. सोलापूर रोडला वेगात असताना हा जोड सुटला, इंजान बंद पडलं आन् मागं उसाची ट्रॉली असली, तर कुणाचं नाव घ्याल? हिचंच ना?”

आणि वायरी कापल्या. सगळ्या. समोरच्या टपरीवरचा चहा त्या दिवशी फार गोड लागला असेल.

पुढचे काही दिवस मी बातम्या कमी दिल्या, हे संपादकांच्या लक्षात आलं नाही, यावरून आमच्या तालुक्याचं महत्त्व ओळखावं. प्लायवूडच्या मोठ्या फळीवर जुना हार्नेस अंथरला, उपटलेला वेल अंथरावा तसा. प्रत्येक फाट्याला खिळा ठोकला. आम्ही श्लोकाचा पदच्छेद करतो, तसं एकेक पद सुटं केलं. मग त्याच वाटेने नवी वायर. हे सगळं दिशाने केलं. मॅडम खुर्चीवर बसून होत्या, त्यांनी एकाही वायरीला हात लावला नाही.

त्यांची पद्धत इथल्या विद्यार्थ्यांना ठाऊक आहे, बाकीच्यांसाठी सांगतो. वायर बसवण्याआधी तिच्या वतीने बोलायचं. मी कोण, कुठून निघते, कुठे पोचते. दिशा बोलायची, “मी तापमान सांगणारी. इंजिनाच्या डोक्यावरून निघते, कंप्यूटरपाशी थांबते. मधे कुणाशी बोलत नाही.” तिसऱ्या दिवशी मानसिंगराव खुर्ची पुढे ओढून म्हणाले, “मी पंख्याची. गरम झाल्याबिगार उठत न्हाय.” आयुष्यात एवढं खरं आत्मचरित्र त्यांनी प्रथमच सांगितलं, असं त्यांच्या सौभाग्यवतींचं मत आहे.

एका ठिकाणी दिशा थांबली. शेजारशेजारच्या दोन वायरी, दोन्ही इंजिनाच्या तापाने सारख्याच तपकिरी, आणि मधला भाग उंदरांच्या पोटात. एकीत बॅटरीची पूर्ण वीज, दुसरीत नाजूक संदेश. अदलाबदल झाली तर इंजिनाचा कंप्यूटर जळणार, आणि तो आता कुठेच मिळत नाही. दिशा म्हणाली, “मला ठाऊक न्हाय मॅडम.”

“मलाबी न्हाय,” मॅडम म्हणाल्या. “आता खरं काम सुरू झालं.”

मग अंदाज नाही, घाई नाही. मीटर घेऊन दोन्ही टोकांकडून शोध. कंप्यूटर काढून बाजूला ठेवलेला, त्याच्या जागी एक छोटा दिवा, आणि तो दिवा प्रत्येक वायरीला विचारत गेला. संध्याकाळपर्यंत त्या दोन्ही वायरींनी आपापलं नाव सांगितलं. फळीवर तो अख्खा हार्नेस तयार पडला होता. काळा, रेखीव, प्रत्येक फांदी आपल्या जागी वळलेली. मी बातम्यांत विशेषणं फार स्वस्तात वापरतो. आमदारांच्या सत्काराला ‘ऐतिहासिक’ लिहितो. त्या फळीपुढे मला एक विशेषण सुचलं नाही. माणसाला न दिसणारी वाट इतक्या शांतपणे आखता येते, हे पाहून मी चपला बाहेर काढायच्या राहिल्या का, म्हणून पायांकडे पाहिलं.

हार्नेस बसला. कंप्यूटर सगळ्यांत शेवटी जोडायचा होता. मानसिंगरावांनी किल्ली मॅडमपुढे धरली. मॅडम म्हणाल्या, इंदापूरची एसटी चुकेल. पिशवी उचलली आणि निघाल्या. दिशा मागे धावली, एकदा तपासून तरी जा म्हणाली. मॅडम न थांबता म्हणाल्या, “मी तपासलं तर गाडी मी केली असं म्हणतील. तुजं तू कर.”

कंप्यूटर जोडून दिशाने किल्ली फिरवली. पहिल्या वेळी काही नाही. दुसऱ्या वेळी ती लाल गाडी अशी उठली की टपरीवरची माणसं उभी राहिली. मानसिंगराव तोंड फिरवून चष्मा पुसत होते. मी घाईने मॅडमना फोन लावला, एसटीतच होत्या. सांगितलं, सुरू झाली. वाटलं, आनंदाने काही बोलतील. मॅडमनी विचारलं, “किल्ली बंद केल्यावर बंद झाली का?”

मी दिशाला विचारलं. तिने बंद केली. गाडी तिथल्या तिथे शांत झाली. मी सांगितलं. वीज चोरवाटेने फिरत असेल तर किल्ली काढूनही इंजिन चालत राहतं, हे मला नंतर कळलं.  एसटीच्या खडखडाटातून मॅडम म्हणाल्या, “मी विचारलं, हे तिला सांगू नका.”

आज दिशाच्या गॅरेजला गाड्या उभ्या करायला जागा नाही, आणि काम दिशानेच केलं हे सगळं भिगवण सांगतं. ते खरंच आहे. मॅडमची इच्छा तेवढीच होती.

बोलण्याची संधी दिल्याबद्दल अध्यक्षांचे, संयोजकांचे आणि आपणा सर्वांचे मनापासून आभार. बोलण्यात चार शब्द जास्त झाले असतील, तर ते माझ्या व्यवसायाच्या खात्यावर टाकून सोडून द्यावेत. मॅडम, तुमच्याकडे मात्र वेगळी क्षमा मागतो, कारण तुम्ही सांगू नका म्हणालेली गोष्ट मी भर सभेत सांगितली आहे, आणि दिशा तिसऱ्या रांगेत बसून ती ऐकते आहे.