सात नंबरचा ट्रे

नाय, अंगठा मी देणार नाय. कागदाची घडी घाला, खिशात ठेवा, पाणी प्या आणि चालू लागा — तिथं नका बसू, मुंग्या हायत, त्या बाजेवर बसा. टोकावड्याच्या पाटलांचा धाकलू भर दुपारचा शहापूरवरून चालत आमच्या वाडीत येतो आणि मला गुणाकाका म्हणतो — ऐकायला बरं वाटतं, नाय असं नाय. कॉलेजात दोन वर्सं तर 'ए गुणा, टाचण्या आण', 'ए गुणा, हा बेडूक बदल, याच्या पोटात अंडी निघाली' — तवा काका कुठं ठेवला होता? आज कागदावर अंगठा पायजे म्हणून काका. आणि काय लिहिलंय म्हणालात त्यात? परीक्षेच्या दिवशी बाळ्याला दिलेला बेडूक शिळा होता, असं लॅबचा हमाल गुणा कबूल करतो. मंगळवारच्या आत हा कागद सरांच्या हातात पडला तर बाळ्याचं प्रॅक्टिकल परत घेतील, नायतर नापास तो नापास. समजलं मला. दोनदा वाचून दाखवलंत, मी बहिरा नाय. मला वाचता येत नाय एवढंच.

शिळा होता म्हणे. अठरा वर्सं मी त्या लॅबात बेडूक पुरवतो, पाटील. पावसात आमच्या इथल्या खाचरांतून धरायचे, उन्हाळ्यात विहिरींतून, ओल्या गोणपाटात घालून गाडीनं मुंबईला न्यायचे, हौदात जगवायचे — आणि मारायचे परीक्षेच्या दिवशी सकाळी, पोरं दाराशी येऊन उभी राहिली की मग, त्याच्या आधी नाय. का? तर मारल्यावरही काळीज उडत असतं, तवाच बेडूक उघडला की शिरा भरलेल्या असतात, लाल दिसतात, चिमट्यानं उचलता येतात. पोटाच्या मधोमध जाडी शीर असते ती दोन दोऱ्यांनी बांधायची आणि मधे कापायची, नायतर सगळा ट्रे रक्तानं भरतो आणि मग शोधत बसा. हे कुणी शिकवलं तुमाला? सरांनी? सर फळ्याशी उभे. टेबलाशी तुमचा हात मी धरला होता, आठवतं का, तुमाला गाठ मारता येत नव्हती. सुतळीची गाठ जमेना शेतकऱ्याच्या पोराला.

आणि बाळ्याचा हात? तुमी बघितलाय, तुमी तर जवळून बघितलाय. माझ्या बहिणीचा, गोदीचा पोरगा तो. कॉलेजात कुणाला ठाऊक नव्हतं, मीच सांगितलं होतं त्याला की लॅबात मला मामा म्हणू नको — हमालाचा भाचा म्हणतील, निवडून निवडून चांगला बेडूक मिळतो म्हणतील. दोन वर्सं पोरगा माझ्यासमोरून परक्यासारखा जात होता. आमच्या वाडीतून कॉलेजात गेलेला पहिला. बेडकाच्या डोक्यातल्या नसा, केसासारख्या बारीक, त्या तो अशा मोकळ्या करायचा की सर बाकीच्या पोरांना बोलावून दाखवायचे. आणि चित्रं काढायचा — हां, आता मान खाली गेली. जाऊ दे खाली. तुमच्या जर्नलमधली चित्रं कुणाच्या हातची होती? झुरळ, गांडूळ, बेडकाचं काळीज, सगळी. होस्टेलात तुमी झोपायचात आणि तो दिव्यापाशी तुमची चित्रं काढायचा. मग सरांनी दोन्ही जर्नलं शेजारी ठेवली आणि विचारलं, एकाच हातची कशी? तुमी काय बोललात? 'सर, त्यानं माझी बघून काढली.' मी तिथं होतो. हौद धुवत होतो. सरांनी त्याचं जर्नल फेकलं, सगळं पुन्हा काढून आण म्हणाले, आणि त्यानं काढलं, आठ दिवसांत, बोटांना घट्टे पडले त्याच्या. मी हौद धुवतच राहिलो. हमालानं मधे काय बोलायचं?

काय? तुमाला पस्तावा होतो? म्हणून आलात? बरं मग, झाला ना पस्तावा, आता जा.

नाय, बेडूक ताजा होता. किती वेळा सांगू? तुमी शेजारच्या टेबलाशी होतात, तुमाला वास आला का? नाय ना आला? आदल्या सांजंला मारलेला बेडूक सकाळी वास मारत नायच, नुसता मऊ पडतो, शिरा पांढऱ्या होतात, चिमटा लावला की तुटतात — एखादा बेडूक तसा असला तर, असं म्हणतो मी. असला तर. माझ्याकडं असं बघू नका.

बघू नका म्हणतो ना.

बरं. ऐकायचंय? मग नीट ऐका, म्हणजे परत या वाटंला येणार नाय तुमी. तो तुमच्यासाठी होता. हां, तुमच्यासाठी, टोकावड्याच्या पाटलांसाठी. सात नंबरचं टेबल तुमचं, दोन वर्सं तुमी तिथंच उभे राहिलात. आदल्या सांजंला सगळे गेल्यावर मी एक बेडूक मारायच्या औषधाच्या बरणीत घातला आणि झाकण लावलं, आणि सकाळी सात नंबरच्या ट्रेत तोच ठेवला, वरून पाणी मारून, पाय ताणून, अगदी ताज्यासारखा. मला एवढंच बघायचं होतं की तुमच्या शिरा तुटतायत आणि तुमी घामाघूम झालाय. झोपेत पण मी तेच बघितलं. पण बाहेरचे साहेब आले परीक्षेला, त्यांनी पोरांच्या जागा बदलल्या. कुणी कुठं उभं राहायचं ते फळ्यावर लिहिलं, इंग्रजीत. मी तो फळा बघितला की. स्पंजानं खालची बाजू मीच पुसून दिली साहेबांना. मला वाटलं सवाल लिहितायत. आकडे मला कळतात, ट्रेवरचे, टेबलावरचे. नावं नाय कळत. पोरं आत आली, तुमी गेलात शेजारच्या आठवर, आणि बाळ्या येऊन सातवर उभा राहिला.

तवा डब्यात दोन बेडूक जिवंत होते. हो, होते. जास्तीचे मी नेहमी ठेवतो. चार पावलं टाकायची होती, पाटील. डबा उचलायचा, ट्रे उचलायचा, साहेब, हा खराब निघाला, म्हणायचं. पण खराब कसा निघाला म्हणून विचारलं असतं ना. हमाल आदल्या दिवशी बेडूक मारून ठेवतो, हे कळलं असतं ना. मी डबा मांडीशी धरून उभा होतो, आतला बेडूक पत्र्यावर धडका देत होता, हाताला लागत होता. बाळ्यानं पोट उघडलं आणि त्याला लगेच कळलं. त्याला नाय कळणार? त्यानं माझ्याकडं बघितलं. साहेबांना म्हणाला, सर, दुसरा मिळेल का, हा शिळा वाटतो. तुमी ऐकलंत, म्हणून तर आलाय इथं. साहेब माझ्याकडं वळले, विचारलं, बेडूक कधीचा?

मी म्हणालो, ताजा हाय साहेब, आत्ताच मारला.

बाळ्या परत खाली वाकला. तीन तास वाकलेला होता. एक शीर धड हाती लागली नाय त्याच्या.

आता बोला. अंगठा द्या म्हणता? नोकरी जाईल, जाऊ दे, तिचं मी बघीन. पोराचं विचारतो मी तुमाला. कोळशाच्या भट्टीवर मजुरीला जायच्या आधी बाळ्या माझ्या पाया पडला, म्हणाला, मामा, तू साहेबांना बोललास तवा मला कळलं की बेडूक ताजाच असणार. माझाच हात नाय चालला. तुझं नाव राखता आलं नाय. असं बोलला तो. त्याला वाटतं मामा खोटं नाय बोलणार. आणि मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, म्हणालो, होतं असं, सगळ्यांना नाय जमत. गोदीला पण तेच सांगितलं, तुझ्या पोराच्या हातात ते नव्हतं. तिनं ऐकलं आणि भाकरी बांधून दिली त्याला भट्टीवर न्यायला. त्यांचं दोघांचं मन बसलंय आता तिथं. पास होऊन तो काय होणार होता — मास्तर? आमच्या वाडीतला मास्तर? तुमचे पाटील त्याच्यासमोर पोरं बसवणार होते? तुमी तर त्याची चित्रं सुद्धा त्याच्या नावावर नाय राहू दिलीत. मग माझ्या अंगठ्याला कशाला आलात? तुमचा अंगठा लावा. त्या सरांपुढं आधी तुमी लिहून द्या की चित्रं कुणाची होती. दिलंय? कवा?

काल?

हं.

उठा आता. पाणी प्यालात, झालं तुमचं काम. मी बोललो ते कुणी ऐकलं नाय, तुमी सांगितलंत तर मी नाय म्हणेन, आणि वाडी माझंच ऐकेल. शहापूरची वाट त्या बांधावरून हाय. बांधावरून, म्हटलं. पाटील, तिकडं कुठं? त्या वाटंला एकटं गोदीचंच घर हाय. तिला वाचता येत नाय, तिला तो कागद दाखवून काय करणार तुमी — ओ. ओ धाकलूशेठ. थांबा जरा. मी येतो, मीच येतो, तुमी नका सांगू तिला —