बिनतोंडाचं पाखरू

नाही तं काय जी, घर कोणाचं? माहं. वीज बोर्डात अठ्ठावीस वर्सं घासून बालाघाटात बांधलेलं, अन् त्याच घरात मी कुजबुजून राह्यलो... काहून? तं समोरच्या खोलीत पाखरं जोडीनं बसली हायेत! कोश्याची पाखरं, तुमाले सांगतो, ज्याचं टसर रेशीम निघते ते. आमच्या मंडळीनं रेशीम केंद्रात शिकून आणलेलं खूळ. वीतभर पंख, नर विटकरी, मादी पिवळी ढोली, पंखावर चार डोळे, मलेच पाहून राह्यले. अन् तोंड? तोंडच नाही. अळी असते तंवर साज्याचा, म्हणजे ऐनाच्या झाडाचा, पाला हादडते, मंग अंड्याएवढा टणक कोसा विणून त्यात निजते, अन् बाहेर निघते ते बिनतोंडाचं. खाणं नाही, पिणं नाही, दोनशे अंडी घालाची अन् हप्त्यात खलास. हे काय जगणं हाये? बस्तरपासून भंडाऱ्यापर्यंत अख्खं जंगल पडलं हाये त्याले, पण लटकाले माह्याच खोलीतली दोरी.

ही म्हणे, "अजी, हळू बोला. जोडी सुटली तं अंडी वाया जातीन."

म्हणजे ज्याले तोंडच नाही त्याच्यापायी मी माहं तोंड शिवू? शिवलं. अन् नेमके त्याच दिवशी खैरलांजीचे वसंतराव आमच्या श्रुतिकाले पोरासाठी पाहाले आले. आधीची दोन स्थळं मोडलेली. वारासिवनीवाल्याईले मी माह्या मुळव्याधीचं आपरेशन टाक्यासकट सांगतलं म्हणून मोडलं, असं हिचं म्हणणं. पोरगी पंचविशीची झाली, मले का काळजी नाही? वसंतरावाले कितीतरी सांगाचं होतं... पण तोंड उघडलं का ही दोरीकडे बोट दाखवे. दोन तास नुसती मान हालवली. पोहे आले, मान. चहा आला, मान. जाताना वसंतराव माहा हात धरून म्हणतात, "असा शांत व्याही नशिबानं भेटते जी. आमच्याकडून पक्कं."

चवथ्या दिवशी साखरपुडा उरकला. पाचव्या दिवशी केंद्रातला साहेब अंडी पाहाले आला. मी हळूच इचारलं, "साहब, बात करने से जोडी छूटती है क्या?"

तो हासला. "काकाजी, इसको सुनाई कहाँ देता है? इसके तो कान ही नहीं."

तसाच सैपाकखोलीत गेलो. मले पाहून हिनं हासू दाबाले पदर तोंडाले लावला. श्रुतिका गुणगुणत ताटं वाढून राह्यली होती, कधी नाही ते. आता काय बोलता जी? पाट ओढला, बसलो, अन् मुकाट्यानं जेवलो.