शिट्टी वाजली की बाहेर

भाऊ : अगं ताई, फुंक म्हणतोय मी! शिट्टीचा पापा नको घेऊस.

ताई : फुंकली की!

भाऊ : याला फुंकणं म्हणतात? एवढ्यानं दुधावरची साय हलायची नाही. पुन्हा. पोटातून.

ताई : नाही जमत रे. घरात आवाज चढवायची सवयच राहिली नाही. तू इथला जीवरक्षक, तूच वाजव.

भाऊ : मी पोरांबरोबर पाण्यात असेन. काठावर एक माणूस लागतोच, आणि त्याला दुसरं काम नाही. केक कापायचा नाही, फोटो काढायचे नाहीत, फोन बॅगेत. नुसती नजर पाण्यावर. शिट्टी वाजली की कोणीही असो, हातातलं सोडून बाहेर. या तलावाचा हा एकच कायदा. मीसुद्धा पाळतो.

ताई : बरं बाबा. फुगे निळे आणलेत. दोन मोठे चेंडू. आणि दंडाला घालायचे ते हवेचे पट्टे—

भाऊ : ते नकोत, निसटतात. जाकिटं मी देतो, बांधीनही मीच. खोल बाजूला दोर टाकतो. पळापळी नाही, ढकलाढकली नाही, आणि खाणं पोहून झाल्यावर. मग हवा तेवढा दंगा घाला म्हणावं.

ताई : आणि चिमण्या?

भाऊ : त्याचं काय? त्याचा वाढदिवस, राजा तोच.

ताई : तो पाण्यात उतरणार नाही.

भाऊ : काहीतरीच! गेल्या उन्हाळ्यात माझ्या पाठीवर बसून अख्खा तलाव फिरलाय तो. बाहेर काढायला चॉकलेट दाखवावं लागलं होतं.

ताई : आता तोंड धुतानाही किंचाळतो. मी ओल्या फडक्यानं पुसून घेते.

भाऊ : का? ताई, इकडे बघ. आणि या उकाड्यात लांब बाह्या कशाला? वर कर. वर कर म्हणतो ना!

ताई : मी मध्ये पडले, म्हणून लागलं.

भाऊ : कशाच्या मध्ये?

ताई : शाळेत डबा हरवून आला. यांनी त्याला मानेला धरून मोरीत नेलं आणि डोकं बादलीत घातलं. वर काढायचे, ‘आठवतंय का आता?’ म्हणायचे आणि परत घालायचे. पोराचे पाय रे... फरशीवर नुसते तडफडत होते. मी यांना ओढायला गेले, तर दारात माझा हात चेचला.

भाऊ : दाजींनी? आणि त्याच माणसाला तू पार्टीला बोलावलंस?

ताई : बाप आहे ना. न बोलावून राहायचं कुठे मी? चिमण्या सारखं एकच विचारतो, ‘बाबा काठावर असणार का?’ काय उत्तर देऊ त्याला?

दाजी : काय मेव्हणे! भावा-बहिणीची कसली खलबतं चाललीत?

ताई : अहो, तुम्ही? आज कामावर नाही गेलात?

दाजी : माझ्या पोराची पार्टी, म्हटलं तयारी बघावी तरी. ही जाकिटं कुणाला? गुडघाभर पाण्यात? असल्या लाडांनीच पोरं शेळपट होतात. मला बापानं सरळ नदीत फेकलं होतं. बुडालो का?

भाऊ : दाजी, तुम्ही पार्टीला यायचं नाही.

दाजी : काय म्हणालास?

भाऊ : लेकराचं डोकं बादलीत कोंबताना हात नाही थरथरला तुमचा?

दाजी : अच्छा, हिनं कान भरले तर! घरातली धुणी बाहेर धुवायची नाहीत, किती वेळा सांगितलं गं तुला? चल घरी.

ताई : अहो, तोच हात... दुखतोय, सोडा—

दाजी : दुखू दे. घरी गेल्यावर दुसराही दुखेल.

भाऊ : हात सोडा तिचा.

दाजी : नाहीतर काय करशील? पोरांची नाकं पुसणारा तू! मारशील? मार की!

भाऊ : हा घे! हा अजून एक!

ताई : भाऊ! रक्त आलं त्यांच्या तोंडातून! अरे, पाण्यात कुठे ओढतोस, तिकडे खोल आहे!

दाजी : सोड! सोड मला—

भाऊ : आठवतंय का? सांग, आठवतंय का आता?

दाजी : श्वास... श्वास घेऊ दे...

भाऊ : पोरानंही हेच मागितलं असेल. जा परत खाली!

ताई : वर काढ त्यांना! भाऊ, मरतील ते! ऐकू येतंय का तुला? अरे, पाय बघ त्यांचे! चिमण्याचे असेच...

(शिट्टीचा लांब, कर्कश आवाज.)

ताई : बाहेर! दोघंही बाहेर!

भाऊ : आलो... आलो. यांना वर घे, काखेत धर. कुशीवर कर. ओकू दे पाणी. येतोय श्वास. ताई, येतोय.

दाजी : यानं... जीव घेतला असता माझा. पोलिसात जातो. बघतोच.

ताई : जा. मीही येते बरोबर, बाही वर करून.

दाजी : अगं, चिडलो एखादे वेळी, म्हणून काय—

ताई : पार्टीला येऊ नका. आणि आम्हीही आता घरी येत नाही. मी नाही, चिमण्याही नाही. गेट तिकडे आहे.

भाऊ : बरं केलंस, ताई. गेला एकदाचा. माझ्याकडे चला दोघं. पार्टीचं सगळं मी बघतो.

ताई : तूही यायचं नाहीस.

भाऊ : मी? अगं, मी तुमच्यासाठीच—

ताई : ‘आठवतंय का आता?’ तेच शब्द होते रे. आवाजही तोच. मला तुझी भीती वाटली. तुझी! आणि तुझ्या पाठीवर मी माझं पोर द्यायचं?

भाऊ : माझं चुकलं गं. डोकंच फिरलं.

ताई : त्यांचंही फिरतं. तुमच्या सकाळच्या पाळीच्या जीवरक्षक बाई आहेत ना, त्यांना विचार, पोरांबरोबर पाण्यात उतरतील का. दोर तेवढा बांधून ठेव.

भाऊ : ठेवतो. आणि काठावर?

ताई : मी.

भाऊ : बरं. शिट्टी दे, कपाटात ठेवतो.

ताई : राहू दे माझ्याकडे. चिमण्याला वाजवून दाखवायची आहे.