तिसऱ्या जोडीचा निकाल

"खरा आवाज म्हणजे साक्षात्कार असतो, गंगाधरराव!"

"उपेंद्र, डबा पुढे घे. रांग हलली."

रॉकेलच्या रांगेत मागे उभ्या असलेल्या विमलाबाईंनीही डबा सरकवला, पण कान तिकडेच ठेवले.

"चार जोड्या जुने स्पीकर माझ्याकडे. आतले फाटके कागद मी स्वतः चिकटवलेत. आता आमची बायको श्यामला म्हणते, एकच जोडी ठेवा, बाकीच्या रविवारी निफाडला, दादाच्या गोठ्यात."

"कुठली ठेवायची?"

"तिनंच निवडायची, डोळे मिटून. मी भीमपलास लावला. पहिल्या दोन जोड्यांना ढिम्म. तिसरीला म्हणाली, 'अगं बाई, हीच! शब्द न् शब्द कळतोय!'"

"मग जिंकलास की!"

"कसला जिंकतो? तिसरीची वायर अजून माझ्या हातातच होती."

"मग वाजत काय होतं?"

"भिंतीपलीकडून तुमचा ट्रान्झिस्टर. कांद्याचे बाजारभाव."

विमलाबाईंनी तोंडाला पदर लावला.

"आता रे?"

"आता म्हणते, तसं स्पष्ट बोलणारी असेल तरच ठेवा, नाहीतर चारही गोठ्यात. उद्या सहाला फेरपरीक्षा."

"अवघड आहे."

"गंगाधरराव, तुमचा ट्रान्झिस्टर माझ्या स्पीकरच्या खोक्यात मावतो का, तेवढं बघू द्याल?"