सुमनच्या गाडीची टाकी

हसू नका, पण सोलापुरात जुनी पेट्रोलची टाकी विकत घेताना माझा जीव टांगणीला लागला होता. बायको, सुमन, गेल्यापासून तिची गाडी उभीच होती आणि टाकी वरच्या कडेला गंजून फुटली होती. नवी मिळत नव्हती.

"ही जुळली न्हाय तर गाडी भंगारात," मेकॅनिक नागेशने आधीच बजावलं होतं.

दुकानदाराने टाकीला साबणाचं पाणी लावून हवा भरली. एकही बुडबुडा आला नाही.

"पण बसेल ना?" मी पुन्हा विचारलं.

"टाकी घेताय का सोयरीक जुळवताय?"

गॅरेजवर नागेशने दोन्ही टाक्या मापून मान डोलावली. मग गाडीच्या फुटक्या टाकीतून डब्यात काढलेलं पेट्रोल फेकायला निघाला. ते सुमननेच भरलेलं होतं.

"हेच ओत."

"सर, शिळ्या पेट्रोलवर गाडी रस्त्यात बंद पडंल की."

"पडू दे. ढकलू."